उसवायची शिवण : मोठेपणी वरचा जबडा रुंद करायचा तर

जिभेचं टोक वरच्या पुढच्या दातांच्या मागे टेकवा आणि टाळूच्या मधोमध हळूहळू मागे सरकवत न्या. एक बारीक उभी कड लागेल. काहींना ती ठळक लागते, काहींना जेमतेम. त्या कडेखाली, हिरडीसारख्या कातडीच्या पलीकडे, हाडात एक शिवण आहे. वरचा जबडा आपण एकवचनात म्हणतो खरा, पण तो डावा आणि उजवा अशा दोन हाडांचा असतो आणि ती दोन हाडं त्या शिवणीवर एकमेकांना भिडलेली असतात. टाळूच्या मागच्या भागात आणखी दोन छोटी हाडं आहेत, त्यांच्यामधूनही हीच शिवण पुढे जाते.

मोठ्या माणसाचा वरचा जबडा रुंद करायचा म्हटलं की सगळी चर्चा 'ऑपरेशन की बिनाऑपरेशन' यावर येऊन अडते. पेशंटच्या बाजूने हे समजण्यासारखं आहे, ऑपरेशन कुणाला हवं असतं? पण मला हा नंतरचा प्रश्न वाटतो. आधी विचारायला हवं की मिळणारी रुंदी येणार कुठून: ही शिवण उसवून, की दात बाहेरच्या बाजूला कलंडवून? बाहेरून पाहिलं तर दोन्हीकडे दाढांमधलं अंतर वाढलेलंच दिसतं. आरशात फरक कळत नाही. पाच-सात वर्षांनी हिरड्यांमध्ये मात्र कळू शकतो.

शिवण कधी घट्ट होते?

लहान मुलात ही शिवण जवळजवळ सरळ आणि सैल असते. डॅनिश संशोधक बिर्ते मेल्सेन यांनी 1975 साली तिचं वाढत्या वयाबरोबर बदलणारं रूप दाखवलं: आधी सरळ, मग नागमोडी, आणि किशोरवयात दोन्ही हाडांची बोटं एकमेकांत अडकवल्यासारखी. दोन हातांची बोटं एकमेकांत गुंतवून ओढून पाहा, म्हणजे किशोरवयानंतर काय अडचण होते ते लगेच कळतं. त्यात मधल्या फटीत पुढे हाडाचे छोटे छोटे पूल तयार होऊ लागतात.

हे पूल कोणत्या वयात होतात? इथेच गंमत आहे. पर्सन आणि थिलँडर या संशोधकांनी 1977 मध्ये 15 ते 35 वयाच्या मृत व्यक्तींच्या टाळूचे नमुने सूक्ष्मदर्शकाखाली पाहिले. एका 15 वर्षांच्या मुलीच्या शिवणीत हाड भरायला सुरुवात झालेली होती, आणि एका 27 वर्षांच्या स्त्रीच्या शिवणीत तसं काहीही नव्हतं. म्हणजे 'अठरा पूर्ण झाली, आता ऑपरेशनशिवाय इलाज नाही' असं म्हणणं जेवढं चुकीचं, तेवढंच 'वयाचा काही संबंध नाही' असं म्हणणंही. वय वाढतं तशी शक्यता सरकत जाते, तारीख मात्र ठरलेली नसते. शिवण मिटते ती साधारणपणे मागून पुढे. त्यामुळे पुढचा भाग मोकळा आणि मागचा जुळलेला, अशी अधलीमधली अवस्था पुष्कळांत असते.

आणखी एक गोष्ट बहुतेक लेखांत निसटते. वरचा जबडा फक्त मधल्या शिवणीवर अडलेला नाही. दोन्ही बाजूंना तो गालाच्या हाडाला टेकलेला आहे, आणि अगदी मागे, शेवटच्या दाढेच्याही मागे, कवटीच्या तळातून खाली आलेल्या पंखासारख्या हाडांना चिकटलेला आहे. दरवाजाची कडी काढली तरी बिजागऱ्या गंजलेल्या असतील तर दरवाजा उघडत नाही, तसंच हे. मोठेपणी मधली शिवण सुटली तरी हे बाजूचे आणि मागचे खांब जोर लावून धरतात. पुढे येणारी प्रत्येक पद्धत म्हणजे या खांबांचं काय करायचं याचं एक-एक उत्तर आहे.

अरुंद म्हणजे नक्की कोण?

उपचाराकडे जाण्याआधी निदानाबद्दल थोडं, कारण अर्धी गडबड तिथेच होते. नेहमीच्या चाव्यात, म्हणजे वरचे-खालचे दात मिटल्यावर एकमेकांवर बसतात तेव्हा, वरच्या दाढा खालच्या दाढांना किंचित बाहेरून झाकतात, डब्याचं झाकण डब्यावर बसतं तसं. वरचा जबडा अरुंद असेल तर एका किंवा दोन्ही बाजूंना हे उलटं होतं, याला क्रॉसबाइट म्हणतात. पण क्रॉसबाइट दिसला म्हणजे वरचं हाड अरुंद आहेच असं नाही. खालचा जबडा खूप पुढे असेल तर त्याचा रुंद मागचा भाग वरच्या जबड्याच्या अरुंद पुढच्या भागासमोर येतो आणि क्रॉसबाइट दिसतो. दातांचे साचे हातात घेऊन खालचा साचा योग्य जागी मागे सरकवला की तो नाहीसा होतो. अशा पेशंटला रुंदीची गरजच नसते, त्याचा प्रश्न पुढे-मागेचा असतो.

याच्या उलटही असतं. हाड अरुंद आहे, पण वरच्या दाढा आपल्या आपण बाहेर कलंडल्या आहेत आणि खालच्या आत झुकल्या आहेत, त्यामुळे चावा वरवर बरोबर दिसतो. निसर्गाने केलेली तडजोड म्हणा. अशा माणसाच्या दाढा आणखी बाहेर ढकलणं म्हणजे भिंतीला टेकलेल्या माणसाला अजून मागे व्हायला सांगणं.

म्हणून नुसतं दातांमधलं अंतर मोजून भागत नाही. दाढांचा कल किती आहे आणि मुळांच्या पातळीवर हाडाची रुंदी किती आहे, हे सीबीसीटी, म्हणजे जबड्याच्या त्रिमितीय स्कॅनवर पाहावं लागतं.

जुना स्क्रू, मोठा माणूस

टाळूत स्क्रू बसवून शिवण उघडण्याची कल्पना बरीच जुनी आहे. 1860 साली सॅन फ्रान्सिस्कोमधल्या इमर्सन एंजेल या दंतवैद्याने एका 14 वर्षांच्या मुलीच्या वरच्या दातांना स्क्रूचं यंत्र बसवलं. दोन आठवड्यांत तिच्या पुढच्या दोन दातांत फट पडली, त्यावरून दोन्ही हाडं विलग झाली असं त्याने लिहिलं. समकालीनांना ते पटलं नाही. ही पद्धत मागे पडली, आणि तिला पुन्हा प्रतिष्ठा मिळाली ती 1961 साली अमेरिकन दंतवैद्य अँड्र्यू हास यांच्या कामामुळे. आज मुलांमध्ये ती रोजच्या कामाचा भाग आहे: दाढांना पट्ट्या, टाळूत स्क्रू, घरचं कुणीतरी चावीने रोज तो फिरवतं, आणि दोन-तीन आठवड्यांत काम होतं.

हेच यंत्र तिशीतल्या माणसाला बसवलं तर? यंत्राला हाड दिसत नाही, त्याने फक्त दात धरलेले असतात. दात म्हणजे मूठ. मुठीला धरून आपण पेटी ओढतो. पेटी हलकी असेल तर सरकते, जड असेल तर मूठ उचकटते. मोठ्या माणसात शिवण दाद देत नाही, तेव्हा जोर दातांवर खर्च होतो. दाढा बाहेर कलंडतात. त्यांच्या आतल्या बाजूचे कंगोरे खाली लोंबतात, चावा पुढून उघडा पडतो. दाढांच्या गालाकडच्या बाजूला हाडाचा जो पापुद्रा असतो तो मुळातच पातळ, बऱ्याच ठिकाणी एक मिलिमीटरच्या आत. मूळ त्यातून बाहेर दाबलं गेलं की तो विरतो, आणि हाड गेलं की काही काळाने हिरडीही मुळाकडे वर सरकते. मुळं झिजू शकतात. आणि यंत्र काढलं की कलंडलेले दात परत आत यायला बघतात.

मग दातांना धरून रुंदी वाढवणं मोठ्यांना सरसकट निषिद्धच का? तसं मी म्हणणार नाही. अरुंदपणा हाडाचा नसून दातांचा असेल, म्हणजे हाड पुरेसं रुंद आहे पण दाढा आत झुकल्या आहेत, तर तारांनी किंवा पारदर्शक अलाइनरने त्या सरळ उभ्या करणं हाच योग्य उपचार आहे. दोन-तीन मिलिमीटरची कमतरता अशी भरून काढता येते, हिरड्या जाड आणि निरोगी असतील तर निर्धास्तपणे. अडचण तेव्हा होते, जेव्हा सहा-सात मिलिमीटरची हाडाची कमतरता याच मार्गाने भरून काढायचं आश्वासन दिलं जातं.

इथेच एक कडू गोष्ट सांगून टाकतो. काढ-घाल करता येणारी प्लास्टिकची प्लेट रात्री लावा आणि मोठेपणीही जबडा 'वाढवा', किंवा जीभ टाळूला दाबून धरा म्हणजे चेहरा रुंद होतो, असे दावे इंटरनेटवर ढिगाने सापडतात. जीभ कुठे ठेवावी याबद्दल माझी काही तक्रार नाही. पण एकमेकांत बोटं गुंतवलेली शिवण तेवढ्या जोराने प्रौढ वयात सुटते, याला भरवशाचा पुरावा नाही. अशा प्लेटने जे हलतं ते दात.

मार्पी : हाडालाच धरायचं

दात ही कमकुवत मूठ असेल तर मूठ थेट हाडात बसवावी, हा साधा विचार मार्पी या पद्धतीमागे आहे. लांबलचक इंग्रजी नावाची आद्याक्षरं जोडून झालेला हा शब्द आता मराठी दवाखान्यांतही तसाच वापरला जातो. टाळूच्या शिवणीच्या दोन्ही बाजूंना मिळून सहसा चार बारीक स्क्रू हाडात बसवतात आणि मधला मोठा, फिरवायचा स्क्रू त्यांच्यावर टेकवतात. काही रचनांत दाढांनाही हात दिलेला असतो, काहींत फक्त हाड. 2010 साली कोरियातल्या ली आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 20 वर्षांच्या एका रुग्णावर ही पद्धत वापरल्याचा वृत्तांत प्रसिद्ध केला. अमेरिकेत वॉन मून यांनी तिचं एक रूप विकसित केलं, त्यात स्क्रू टाळूच्या बऱ्याच मागच्या भागात येतात, म्हणजे जिथे सगळ्यात चिवट विरोध आहे तिथेच जोर लागतो.

स्क्रू बसवायला जागेवरची भूल पुरते. टाळूला इंजेक्शन देतात ते मात्र दुखतं, हे आधीच सांगितलेलं बरं. तिथली कातडी हाडाला घट्ट चिकटलेली असल्यामुळे औषध पसरायला जागा नसते. त्यानंतर स्क्रू आत जाताना दाब जाणवतो, दुखत नाही. स्क्रूची लांबी महत्त्वाची. टाळू म्हणजे तोंडाचं छत आणि तीच नाकाची जमीन. स्क्रूने खालचा कठीण थर आणि वरचा, नाकाकडचा कठीण थर असे दोन्ही पकडले तर तो सरळ राहतो. एकच थर पकडला तर जोराखाली वाकू शकतो. म्हणून स्कॅनवर हाडाची जाडी मोजूनच लांबी ठरते.

मग घरचं काम सुरू होतं. आरशासमोर तोंड उघडायचं, चावी मधल्या स्क्रूच्या भोकात घालायची आणि पुढून मागे, घशाकडे ढकलायची, की पुढचं भोक समोर येतं. चावी नीट शेवटपर्यंत ढकलली नाही तर पुढचं भोक अर्धवट दिसतं आणि दुसऱ्या दिवशी चावी बसत नाही. एका फिरवण्यात स्क्रू किती उघडतो हे त्याच्या बनावटीवर अवलंबून असतं. नेहमीच्या स्क्रूत पाव मिलिमीटर, काही खास स्क्रूंत त्याच्या निम्मं. म्हणून 'मित्राने रोज दोनदा फिरवला' हे ऐकून आपणही दोनदा फिरवू नये.

पहिले काही दिवस नुसता दाब साठत जातो. नाकाच्या मुळाशी, डोळ्यांच्या मधे, गालाच्या हाडांत जडपणा येतो. मग एखाद्या दिवशी पुढच्या दोन दातांत केसाएवढी फट दिसते. काहींना त्याआधी 'कट्' असा आवाज आल्याचं आठवतं. कुणी घाबरून फोन करतं, कुणी खुशीत. फट म्हणजे शिवण सुटल्याची खूण, आणि ती एक्स-रेवर टाळूच्या मधोमध काळ्या रेघेसारखी दिसते. फट पडली नाही आणि दाढा मात्र दुखून हलू लागल्या, तर फिरवणं थांबवून डॉक्टरकडे जायचं. अशा वेळी रेटून फिरवत राहणं म्हणजे पुन्हा ती मूठ उचकटण्याचीच गोष्ट, फक्त आता स्क्रूही वाकणार.

यश किती जणांना? 2016 साली प्रसिद्ध झालेल्या कोरियातल्या एका अभ्यासात सरासरी 21 वर्षांच्या 69 जणांपैकी 60 जणांची शिवण उघडली. आकडा उत्साह वाढवणारा आहे, पण वय नजरेआड करू नका. विशी-पंचविशीत शक्यता चांगली, तिशीनंतर ती घटत जाते, आणि त्याच वयाच्या स्त्रियांपेक्षा पुरुषांमध्ये अपयश जास्त दिसतं. चाळिशीतही काहींची शिवण उघडते, पण ते गृहीत धरून चालता येत नाही. काही डॉक्टर शिवणीच्या रेषेवर बारीक भोकं पाडून ती कमजोर करतात आणि मग जोर लावतात. तिकिटांच्या पानावरची ठिपक्यांची रेघ आठवा.

मार्पीचे त्रास लहान असतात, पण असतात. यंत्राखाली टाळूची कातडी सुजते, तिथे ब्रश पोहोचत नाही, वास येतो. स्क्रू सैल होतो. कधी एक बाजू जास्त आणि दुसरी कमी सरकते. आणि हाडाला धरलं म्हणजे सगळी रुंदी हाडातच मिळाली, असं समजू नये. मधला स्क्रू 8 मिलिमीटर उघडला तर शिवण त्याहून बरीच कमी उघडते. बाकीची रुंदी दातांभोवतीचं हाड वाकण्यात आणि दातांच्या थोड्या कलण्यात जाते. जुन्या यंत्रापेक्षा हाडाचा वाटा खूप मोठा, एवढं मात्र खरं.

सार्पी : खांब कापून मग उघडायचं

आता ऑपरेशन. सार्पी या पद्धतीत सर्जन शिवणीचा आणि बाजूच्या खांबांचा विरोध हत्यारानेच काढून टाकतो, आणि मग तोच जुना स्क्रू काम करतो. म्हणजे हा 'ऑपरेशन विरुद्ध यंत्र' असा सामना नाहीच, ऑपरेशननंतरही चावी तुम्हालाच फिरवायची असते. टाळूची शिवण शस्त्रक्रियेने सोडवण्याचं वर्णन 1938 साली ब्राउन यांनी केलं होतं, पण आज आपण ओळखतो ती पद्धत 1970 च्या दशकात घडली, जेव्हा मधल्या शिवणीइतकेच बाजूचे खांबही आडवे येतात हे लक्षात आलं.

हे सहसा पूर्ण भूल देऊन होतं. वरच्या ओठाच्या आत, हिरडीच्या वर चीर घेतात, त्यामुळे चेहऱ्यावर व्रण राहत नाही. नाकाच्या भोकाच्या हाडी कडेपासून मागे, गालाच्या हाडाच्या खांबातून, दातांच्या मुळांच्या वरून हाड कापतात. मग पुढच्या दोन दातांच्या मुळांमधून पातळ छिन्नी घालून मधली शिवण सोडवतात. टेबलावरच स्क्रू एक-दीड मिलिमीटर उघडून दोन्ही बाजू सारख्या हलतात का ते पाहतात आणि बहुधा पुन्हा मिटवतात. मागचे पंखासारखे खांब सोडवायचे की नाही यावर सर्जनांत मतभेद आहेत. सोडवले तर जबडा मागेही मोकळेपणाने उघडतो, पण तिथे मोठ्या रक्तवाहिन्या जवळ असल्याने रक्तस्रावाचा धोका वाढतो. न सोडवले तर उघडणं पुढे जास्त, मागे कमी, पाचरीच्या आकाराचं होतं. ज्याची अडचण दाढांपाशी आहे त्याने हा प्रश्न सर्जनला स्पष्ट विचारावा.

ऑपरेशननंतर लगेच स्क्रू फिरवत नाहीत. पाच ते सात दिवस थांबतात. कापलेल्या जागी मऊ, नव्या हाडाची जुळणी सुरू होऊ द्यायची आणि मग ती दररोज सुमारे अर्धा मिलिमीटर ताणत न्यायची, म्हणजे ताणातच नवीन हाड तयार होतं. पायाची लांबी वाढवताना सोव्हिएत काळातले हाडांचे सर्जन इलिझारोव्ह यांनी हेच तत्त्व वापरलं. घाई केली तर मधे हाडाऐवजी नुसता तंतूंचा पट्टा राहतो, रेंगाळलं तर जुळणी आधीच पक्की होते. 8 मिलिमीटर रुंदी हवी असेल तर अर्ध्या मिलिमीटरच्या वेगाने 16 दिवस. बाकीचे महिने थांबण्याचे.

धोके मार्पीपेक्षा मोठे: भूल, रक्तस्राव, सूज, गालावर आणि वरच्या ओठाला काही काळ बधिरपणा, सायनसचा संसर्ग, छिन्नी ज्यांच्यामधून गेली त्या दातांची नस मरणं किंवा हिरडी खराब होणं, एकाच बाजूने उघडणं. नाकपुड्यांचा तळ किंचित रुंद होऊ शकतो, हे चेहऱ्याबद्दल हळव्या माणसाला आधी सांगायला हवं. बदल्यात मिळते ती खात्री. शिवण मिटलेली असो, वय 45 असो, जबडा सरकेलच याची शक्यता इथे सगळ्यात जास्त.

आणखी एक शस्त्रक्रिया आहे, आणि तिची सार्पीशी सतत गल्लत होते. जबडा पुढे-मागे किंवा वर-खालीही हलवायचा असेल तर तो कवटीपासून पूर्ण सुटा करून, दोन किंवा तीन तुकड्यांत कापून, हवा तसा बसवून प्लेट-स्क्रूने घट्ट करतात. सगळं एकाच वेळी होतं, चावी फिरवायची गरज नाही. पण टाळूची कातडी एका झटक्यात फार ताणता येत नाही, त्यामुळे रुंदीला सहा-सात मिलिमीटरच्या आसपास मर्यादा येते. आणि जबड्याच्या सगळ्या शस्त्रक्रियांत वरचा जबडा रुंद करणं हे टिकण्याच्या बाबतीत सर्वांत कच्चं मानलं जातं. तरीही ज्याचं पुढे-मागेचं ऑपरेशन होणारच आहे, त्याला फक्त रुंदीसाठी आधी वेगळी सार्पी करून दोनदा भूल घ्यायची की नाही, हा खरा हिशेब आहे. मिलिमीटर थोडे असतील तर एकदाच, जास्त असतील तर दोनदा, असा माझा कल.

निवड करताना

सीबीसीटीवर शिवणीचं रूप पाहून तिला ए ते ई अशा पाच पायऱ्यांत बसवण्याची पद्धत 2013 साली आली. ए म्हणजे सरळ मोकळी रेघ, ई म्हणजे पूर्ण मिटलेली. ए-बी असेल तर काळजी नाही, डी-ई असेल तर ऑपरेशनचं बोलणं आलं, असं ढोबळमानाने म्हणतात. मला ही पद्धत उपयोगी वाटते, पण तिच्यावरच निकाल देऊ नये. मधल्या पायऱ्यांबद्दल दोन अनुभवी डोळ्यांचंही एकमत होत नाही, आणि शिवण उघडी दिसूनही बाजूचे खांब अडवू शकतात.

विशी-पंचविशीत, हाडाची कमतरता मध्यम, स्क्रूला पुरेसं हाड: तिथे आधी मार्पी करून पाहावी, असं मला वाटतं. मात्र ती फसली तर पुढे सार्पी लागेल, हे पेशंटने पहिल्याच दिवशी ऐकलेलं असावं. चाळिशीच्या पुढे, मोठी कमतरता, टणक मिटलेली शिवण: तिथे सरळ सार्पी. मधला पट्टा मोठा आहे, आणि त्यासाठी मधले उपायही आले आहेत. स्क्रू हाडात धरायचे आणि सोबत अगदी मर्यादित कापाकापी करायची. झोपेत श्वास अडकणाऱ्या प्रौढांसाठी अमेरिकेतल्या स्टॅनफर्ड विद्यापीठात विकसित झालेली डोम ही पद्धत त्यातलीच.

श्वासाचा विषय निघालाच आहे तर: टाळू रुंद झाला की नाकाची जमीनही रुंद होते, आणि नाकातून हवा जायला कमी अडथळा होतो, हे पटण्यासारखं आहे आणि मोजमापांत दिसतंही. म्हणून झोपेतला श्वासरोध बरा होतोच असं नाही. तो घशाच्या, जिभेच्या, वजनाच्या पातळीवरही असतो. निव्वळ घोरणं थांबवण्यासाठी जबडा उसवायला निघालेल्याने आधी झोपेची तपासणी करून घ्यावी.

डॉक्टरला विचारायचं झालं तर 'ऑपरेशन लागेल का?' याच्या जोडीला हे विचारा: माझी कमतरता हाडात किती मिलिमीटर आणि दातांत किती? माझ्या दाढांच्या बाहेरच्या बाजूला हाड किती जाड आहे? शिवण नाही उघडली तर किती दिवसांनी थांबायचं? तिसऱ्या प्रश्नावर जो गोंधळतो, त्याच्याकडून चावी घेताना मी तरी विचार करेन.

फट बुजते तेव्हा

पद्धत कोणतीही असो, फिरवणं संपलं की शेवटी एक फसवा काळ येतो. समोरच्या दातांतली फट, जिच्यामुळे महिनाभर हसताना हात तोंडापुढे जात होता, ती आपोआप बुजू लागते. हिरडीतले ताणलेले तंतू त्या दोन दातांना एकमेकांकडे ओढतात. बरेचदा ब्रेसेस लावण्याआधीच दात निम्म्याहून जास्त जवळ येतात. पेशंटला वाटतं, झालं. टाळूतला तो धातूचा गोळा, ज्याच्यामुळे 'ट' आणि 'ठ' नीट उमटत नव्हते, तो आता काढा.

पण दात जवळ आले म्हणजे हाड भरलं असं नसतं. त्या वेळी एक्स-रे काढला तर टाळूच्या मधोमधची काळी रेघ तशीच असते. ती पुढच्या काही महिन्यांत कडांकडून धूसर होत जाते आणि मग पांढरी. स्क्रू त्याच जागी, कुलूप लावल्यासारखा, निदान तीन ते सहा महिने ठेवतात तो त्या रेघेसाठी.